त्रुटिव्यवस्थापन, संगणक आज्ञावलीतील

संगणक आज्ञावली चालू असताना एखादी क्रिया अपेक्षेप्रमाणे पार पडली नाही, तर ते ओळखणे, त्याची माहिती योग्य त्या ठिकाणी पोहोचविणे आणि पुढे काय करावयाचे ते ठरविणे, या तीन कार्यांना मिळून त्रुटिव्यवस्थापन असे म्हणतात. ही कार्ये प्रत्येक आज्ञावलीत नव्याने लिहिण्याऐवजी ती एकदाच काळजीपूर्वक लिहून अनेक आज्ञावलींना वापरता येतील अशा रीतीने वेगळी काढली, म्हणजे त्रुटिव्यवस्थापनाचा पुनर्वापरक्षम घटक तयार होतो. परिचालन प्रणाली, उपकरणांत बसविलेल्या आज्ञावली, विदागारे, जालक साधने इत्यादींच्या रचनेसाठी वापरल्या जाणाऱ्या भाषांना प्रणाली-भाषा म्हणतात. सी, सी प्लस प्लस, एडा, गो, रस्ट व झिग या भाषा या वर्गात मोडतात. या भाषांत त्रुटिव्यवस्थापनाला विशेष महत्त्व आहे. कारण त्यांत लिहिलेल्या आज्ञावलींवर इतर सर्व आज्ञावली अवलंबून असतात आणि तळाशी दडपली गेलेली त्रुटी वरच्या कोणत्याही थराला दिसत नाही.

त्रुटींचे प्रकार : आज्ञावलीच्या दृष्टीने त्रुटींचे तीन स्थूल वर्ग पडतात. पहिल्या वर्गात बाह्य परिस्थितीतून उद्‌भवणाऱ्या व अपेक्षित अशा त्रुटी येतात. उदा., मागितलेली फाइल न सापडणे, ती उघडण्याची परवानगी नसणे, जालक जोडणी तुटणे, वापरणाऱ्याने अंकांच्या जागी अक्षरे टंकित करणे. या त्रुटी म्हणजे आज्ञावलीतील दोष नव्हेत. त्या घडणारच असे गृहीत धरून आज्ञावली लिहावी लागते. दुसऱ्या वर्गात आज्ञावली लिहिणाऱ्याच्या चुका येतात. उदा., दहा घटकांच्या सारणीतील अकरावा घटक मागणे. अशा वेळी आज्ञावलीच्या अंतर्गत स्थितीवर विश्वास ठेवता येत नाही; म्हणून शक्य तितक्या लवकर काम थांबविणे इष्ट असते. तिसऱ्या वर्गात साधनसामग्रीची कमतरता व यंत्रसामग्रीतील बिघाड यांचा अंतर्भाव होतो. उदा., स्मृती संपणे, तबकडीवरील खंड वाचता न येणे. या वर्गातील त्रुटीनंतर काम पुढे चालू ठेवावे की थांबवावे, हे त्या त्या आज्ञावलीच्या उद्दिष्टावर अवलंबून असते. या तीन वर्गांची सरमिसळ झाली, की त्रुटिव्यवस्थापन बिघडते. अपेक्षित त्रुटीमुळे संपूर्ण आज्ञावली कोसळणे व गंभीर दोष असूनही ती चालूच राहणे, हे दोन्ही परिणाम या सरमिसळीतून निर्माण होतात.

इतिहास : सर्वांत जुनी व आजही सर्वाधिक प्रचारात असलेली पद्धत स्थितिनिदर्शक अंकाची आहे. फलनाने आपले काम संपल्यावर एक अंक परत द्यावयाचा आणि त्यावरून यश किंवा अपयश ओळखावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांमध्ये डेनिस रिची यांनी विकसित केलेल्या सी भाषेत व युनिक्स परिचालन प्रणालीत ही पद्धत रूढ झाली. युनिक्समधील बहुतेक प्रणाली-फलने अपयश आल्यास −१ हे मूल्य देतात आणि अपयशाचे कारण एरनो या नावाच्या चलात ठेवतात. लिनक्स प्रणालीत २ हा अंक फाइल वा निर्देशिका न सापडल्याचा, तर १३ हा परवानगी नसल्याचा निदर्शक आहे.

ही पद्धत साधी व वेगवान असली, तरी तिच्यात काही मूलभूत उणिवा आहेत. परत आलेला अंक तपासण्याची सक्ती नसल्याने तो दुर्लक्षित राहू शकतो. क्रिया यशस्वी झाल्यावर एरनोचे मूल्य शून्य केले जाईलच असे नाही आणि दोन क्रियांच्या मध्ये दुसरे एखादे फलन वापरल्यास मूळ कारण पुसले जाण्याची शक्यता असते. काही ठिकाणी −१ हे खरे उत्तरही असू शकते. प्रक्रियेचा अग्रक्रम सांगणारे गेटप्रायॉरिटी हे फलन याचे उदाहरण होय. ते वापरण्यापूर्वी एरनो शून्य करून ठेवावा लागतो आणि नंतर तो पुन्हा तपासावा लागतो. शिवाय केवळ एका अंकातून कोणती फाइल, कोणत्या कामासाठी व कोणाच्या सांगण्यावरून उघडली जात होती, यांचा बोध होत नाही.

दुसरी पद्धत अपवादाची होय. आय.बी.एम. कंपनीच्या १९६४ पासून आकारास आलेल्या पीएल/वन या भाषेत शून्याने भागाकार, फाइलचा शेवट यांसारख्या विशिष्ट स्थिती उद्‌भवल्यास कोणत्या आज्ञा पाळावयाच्या, हे आधीच सांगून ठेवण्याची सोय होती. १९७५ मध्ये जॉन गुडइनफ यांनी अपवादांच्या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी केली. अपवाद उद्‌भवल्यावर निवारणानंतर मूळ ठिकाणी परत जाऊन काम पुढे चालू ठेवावयाचे की ते फलन तेथेच संपवावयाचे, हा या विषयातील मध्यवर्ती वाद ठरला. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या क्लू या भाषेत फलन संपविण्याचा पर्याय स्वीकारण्यात आला. लिस्कोव्ह व ॲलन स्नायडर यांनी १९७९ मध्ये त्याचे विवेचन प्रसिद्ध केले. फलनातून कोणते अपवाद बाहेर पडू शकतात, हे त्याच्या मथळ्यातच नोंदविण्याची क्लूमधील प्रथा पुढील काळात महत्त्वाची ठरली. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी तयार झालेल्या व १९८३ मध्ये प्रमाणित झालेल्या एडा भाषेत आणि १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या सी प्लस प्लस भाषेत फलन संपविण्याचेच तत्त्व आहे.

अपवादपद्धतीत यशाचा मार्ग सुटसुटीत लिहिता येतो; परंतु कोणत्या ओळीतून अपवाद बाहेर पडेल, हे मजकूर वाचून कळत नाही. अपवाद न उद्‌भवल्यास तिचा वेळखर्च जवळजवळ शून्य असतो. मात्र अपवाद उद्‌भवल्यावर योग्य निवारक शोधण्यासाठी लागणारा वेळ जास्त असतो व तो आधी सांगणे कठीण असते. ठराविक वेळात उत्तर देणे बंधनकारक असलेल्या उपकरणांत हे चालत नाही. यामुळे परिचालन प्रणालींच्या गाभ्यांत (कर्नेलमध्ये) व लहान उपकरणांत सी प्लस प्लसमधील अपवादांची सोय पुष्कळदा बंद ठेवली जाते.

तिसऱ्या पद्धतीत त्रुटी हे एक सामान्य मूल्य मानले जाते. पण ते उत्तरापासून प्रकाराच्या दृष्टीने वेगळे ठेवतात. २००९ मध्ये गूगल कंपनीने जाहीर केलेल्या गो भाषेत फलन उत्तर व त्रुटी अशी दोन मूल्ये एकदम परत देते. १५ मे २०१५ रोजी जिची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाली त्या रस्ट भाषेत ‘रिझल्ट’ हा प्रकार वापरतात. त्याचे मूल्य एक तर यशाचे उत्तर असते किंवा त्रुटी असते. एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही. या कल्पनेचे मूळ एमएल कुलातील फलननिष्ठ भाषांमधील पर्यायी प्रकारांत आहे. सी प्लस प्लसच्या २०२३ च्या प्रमाणातही ‘एक्स्पेक्टेड’ या नावाने असा प्रकार समाविष्ट करण्यात आला आहे.

पुनर्वापरक्षम घटकाची रचना : त्रुटिव्यवस्थापनाचा घटक अनेक आज्ञावलींना उपयोगी पडावयाचा, तर त्याला पुढील अटी पाळाव्या लागतात : (१) निरनिराळ्या लेखकांनी लिहिलेल्या त्रुटी एकाच रीतीने हाताळता आल्या पाहिजेत, (२) त्रुटीचे मूळ कारण वरच्या थरापर्यंत न हरवता पोहोचले पाहिजे, (३) प्रत्येक थराला आपल्यापुरती माहिती त्यात जोडता आली पाहिजे, (४) यंत्राने निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती व मनुष्याने वाचावयाचा मजकूर हे वेगळे राहिले पाहिजेत, (५) त्रुटी नकळत दुर्लक्षित राहता कामा नये, आणि (६) घटकाचा स्वतःचा स्मृतिखर्च व वेळखर्च अल्प असला पाहिजे.

रस्ट भाषेच्या प्रमाणभूत लायब्ररीतील त्रुटिघटक या अटींचे चांगले उदाहरण आहे. त्यात ‘एरर’ नावाचा एक करार दिलेला आहे. कोणत्याही प्रकाराने तो पाळला, म्हणजे तो प्रकार त्रुटी म्हणून सर्वत्र स्वीकारला जातो. करारानुसार त्रुटीला स्वतःचे वर्णन दोन रीतींनी करता आले पाहिजे : एक वापरणाऱ्यासाठी व दुसरे आज्ञावली तपासणाऱ्यासाठी. याशिवाय ‘सोर्स’ हे ऐच्छिक फलन या त्रुटीमागची त्रुटी दाखविते. अशा रीतीने एकामागे एक अशी कारणांची साखळी तयार होते आणि ती शेवटच्या दुव्यापर्यंत उलगडता येते. ‘सोर्स’ हे फलन २०१८ मध्ये समाविष्ट झाले. तत्पूर्वीची, वर्णन व कारण देणारी दोन फलने अपुरी ठरल्याने त्यांचा वापर न करण्याची सूचना पुढील आवृत्त्यांत देण्यात आली. गो भाषेतही २०१९ मधील १·१३ या आवृत्तीपासून त्रुटीभोवती दुसरी त्रुटी गुंडाळणे व आतील त्रुटी शोधणे यांसाठी प्रमाणभूत फलने उपलब्ध झाली.

त्रुटी वरच्या थराकडे पाठविण्यासाठी रस्टमध्ये प्रश्नचिन्ह हे चिन्ह वापरतात. ते २०१६ मधील १·१३ या आवृत्तीपासून प्रचारात आले. फलनाच्या आवाहनापुढे हे चिन्ह लिहिल्यास, यश असेल तर उत्तर काढून पुढील ओळीकडे जावयाचे आणि त्रुटी असेल तर चालू फलन तेथेच संपवून ती त्रुटी वर पाठवावयाची, असा अर्थ होतो. पाठविताना खालच्या थराच्या त्रुटीचे वरच्या थराच्या त्रुटिप्रकारात रूपांतर आपोआप होते. मात्र असे रूपांतर कसे करावयाचे, हे अगोदर सांगितलेले असावे लागते. या चिन्हामुळे त्रुटी बाहेर पडण्याची प्रत्येक जागा मजकुरात दिसते आणि तरीही प्रत्येक वेळी तीन-चार ओळी लिहाव्या लागत नाहीत. परत आलेले रिझल्ट मूल्य कोणीच वापरले नाही, तर कंपायलर इशारा देतो.

वरील रचना एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नदीच्या पाणीपातळीची नोंद घेणारे एक उपकरण आहे व दर किती सेकंदांनी नोंद घ्यावयाची, हा आकडा एका फाइलमध्ये लिहिलेला आहे, असे समजू. आज्ञावलीला प्रथम फाइल उघडून वाचावी लागते, मग मजकुराचा अंक करावा लागतो आणि शेवटी तो अंक योग्य मर्यादेत आहे की नाही ते पाहावे लागते. यांपैकी पहिल्या पायरीवर आदान-प्रदानाची, दुसरीवर अंकरूपांतराची व तिसरीवर मर्यादाभंगाची त्रुटी उद्‌भवू शकते. लेखक या तिन्हींना सामावून घेणारा ‘मांडणीत्रुटी’ हा एक प्रकार तयार करतो. त्याच्या प्रत्येक पर्यायात मूळ त्रुटी जशीच्या तशी ठेवतो व फाइलचे नाव जोडतो. उपकरणाने दिलेला संदेश मग केवळ ‘त्रुटी क्रमांक २’ असा न राहता ‘उपकरणाची मांडणी वाचता आली नाही, कारण अमुक फाइल उघडली नाही, कारण ती अस्तित्वात नाही’ असा होतो. तसेच, फाइल नसल्यास पूर्वनियोजित आकडा वापरावा, पण फाइल असून आकडा चुकीचा असल्यास थांबून कर्मचाऱ्याला कळवावे, असा भेद आज्ञावलीला करता येतो. केवळ मजकुराच्या स्वरूपात त्रुटी दिली असती, तर हा भेद करण्यासाठी संदेशातील शब्द शोधावे लागले असते आणि संदेश बदलताच निर्णय चुकला असता. निर्णयासाठी प्रकार व वाचनासाठी संदेश ही विभागणी असल्यामुळे तोच संदेश मराठीसह कोणत्याही भाषेत देणे शक्य होते.

लायब्ररी लिहिणारा व संपूर्ण आज्ञावली लिहिणारा यांच्या गरजा सारख्या नसतात. लायब्ररी कोण व कशासाठी वापरील हे तिच्या लेखकाला माहीत नसते. म्हणून त्याने त्रुटींचे पर्याय स्वतंत्र व नेमके ठेवावे लागतात. संपूर्ण आज्ञावलीच्या वरच्या थराला मात्र बहुतेक त्रुटींबाबत एकच गोष्ट करावयाची असते : संदर्भासह नोंद करणे व काम थांबविणे. या भेदातून रस्टमध्ये दोन प्रकारचे पूरक घटक रूढ झाले. २०१९ मध्ये उपलब्ध झालेला ‘धिसएरर’ हा घटक त्रुटिप्रकारांसाठी लागणारा साचेबंद मजकूर भाषांतराच्या वेळीच तयार करतो. तर ‘एनीहाउ’ हा घटक कोणतीही त्रुटी एका पॉइंटरएवढ्या जागेतून वाहून नेतो व तिला संदर्भवाक्य जोडू देतो. त्यांच्या आधी ‘एररचेन’ व ‘फेल्युअर’ हे घटक वापरात होते. फेल्युअरने प्रमाणभूत करार बाजूस ठेवून स्वतःचा वेगळा करार आणला होता. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या लायब्ऱ्या एकत्र वापरणे अवघड झाले व तो मागे पडला. पुनर्वापरक्षम घटक सर्वमान्य कराराशी जुळणारा असणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसून येते.

संसाधनांची मुक्तता : त्रुटी उद्‌भवल्यावर फलन अर्ध्यावर संपते, तेव्हा त्याने उघडलेल्या फाइली, मिळविलेली स्मृती व लावलेली कुलपे यांची व्यवस्था लावावी लागते. सी भाषेत यासाठी फलनाच्या शेवटी साफसफाईच्या आज्ञा उलट्या क्रमाने लिहून त्रुटीच्या प्रकारानुसार त्यांपैकी योग्य त्या ठिकाणी उडी घेण्याची प्रथा आहे. लिनक्सच्या गाभ्यात ती सर्वत्र आढळते. सीमधील सेटजंप व लाँगजंप या फलनांनी एकदम अनेक थर ओलांडून परत येता येते. पण मधल्या थरांची साफसफाई आपोआप होत नाही. सी प्लस प्लसमध्ये ब्यार्ने स्ट्रॉउस्ट्रुप यांनी वस्तूच्या आयुष्याशी संसाधन बांधण्याची रीत रूढ केली : वस्तू नष्ट होताना तिचे संसाधन आपोआप मुक्त होते. रस्टमध्येही हेच तत्त्व आहे. गोमध्ये फलन संपताना करावयाची क्रिया आधीच नोंदवून ठेवतात. झिगमध्ये केवळ त्रुटीने बाहेर पडतानाच करावयाची क्रिया वेगळी नोंदविता येते.

स्मृती व वेळ यांचा खर्च : प्रणाली-भाषांतील आज्ञावलीला स्मृती संपल्याची त्रुटीही कळवावी लागते, अशा वेळी त्रुटीसाठीच नवी स्मृती मागणारा घटक निरुपयोगी ठरतो. म्हणून तळाच्या थरात त्रुटी लहान व ठराविक आकाराची ठेवतात. लिनक्सच्या गाभ्यात पॉइंटर परत देणारी फलने त्रुटीचा अंक पॉइंटरमध्येच दडवितात. पत्त्यांच्या अवकाशातील शेवटचे ४,०९५ पत्ते खऱ्या वस्तूंसाठी वापरले जात नाहीत. त्यांपैकी एखादा पत्ता आल्यास तो त्रुटिनिदर्शक समजतात. डिसेंबर २०२२ मधील ६·१ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यात रस्टचा अंतर्भाव झाला. तेथील त्रुटिप्रकार म्हणजे हाच ऋण अंक असून त्याभोवती रिझल्टचे कवच घातलेले असते. त्यामुळे सी भाषेतील भागाशी देवाणघेवाण सोपी राहून तपासणीची सक्तीही मिळते. रस्टमधील एरर हा करार आरंभी परिचालन प्रणालीवर अवलंबून असलेल्या लायब्ररीत होता. सप्टेंबर २०२४ मधील १·८१ या आवृत्तीत तो गाभ्याच्या लायब्ररीत उपलब्ध झाला. यामुळे परिचालन प्रणाली नसलेल्या लहान उपकरणांतही तोच करार वापरता येऊ लागला.

काही महत्त्वाच्या घटना : त्रुटिव्यवस्थापनाचे मोल प्रत्यक्ष घटनांवरून स्पष्ट होते. २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चे चांद्रयान चंद्रावर उतरत असताना मार्गदर्शक संगणकाने १२०२ व १२०१ या क्रमांकांचे इशारे दिले. एका रडारकडून येणाऱ्या अनावश्यक संकेतांमुळे संगणकाचा वेळ वाया जात होता आणि नव्या कामांसाठी स्मृतीत जागा उरत नव्हती. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या उपकरण प्रयोगशाळेत तयार झालेली आज्ञावली अशा वेळी स्वतःला पुन्हा सुरू करीत असे व कमी अग्रक्रमाची कामे गाळून मार्गदर्शन व एंजिन नियंत्रण ही आवश्यक कामे पुढे नेत असे. त्यामुळे अवतरण रद्द करावे लागले नाही.

याच्या उलट उदाहरण ४ जून १९९६ रोजी घडले. फ्रेंच गियानातील कूरू येथून सोडलेले एरियान-५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण सु. ४० सेकंदांत, सु. ३,७०० मी. उंचीवर नष्ट झाले व त्यातील क्लस्टर मालिकेचे चार उपग्रह गमावले गेले. अग्निबाणाची दिशा व वेग मोजणाऱ्या जडत्वीय संदर्भ प्रणालीची आज्ञावली एरियान-४ वरून घेतलेली होती व ती एडा भाषेत होती. क्षैतिज वेगाशी निगडित असलेले एक ६४ बिटांचे मूल्य १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात बदलताना ते ३२,७६७ या कमाल मर्यादेबाहेर गेले आणि अपवाद उद्‌भवला. अशा रूपांतराचा धोका असलेल्या सात चलांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते. संगणकावरील भार मर्यादित ठेवण्यासाठी उरलेल्या तीन चलांना ते दिलेले नव्हते. एरियान-४ च्या उड्डाणमार्गात ही मूल्ये मर्यादेबाहेर जात नसत. एरियान-५ चा क्षैतिज वेग मात्र बराच अधिक होता. विशेष म्हणजे ज्या गणनेत हा अपवाद उद्‌भवला, तिचा अग्निबाणाने जमीन सोडल्यानंतर काही उपयोगच नव्हता.

अपवाद म्हणजे यंत्रसामग्रीतील आकस्मिक बिघाड, असे गृहीत धरून अशा वेळी प्रणालीने स्वतःला बंद करावे व दुसऱ्या, राखीव प्रणालीने काम हाती घ्यावे, अशी योजना होती. परंतु राखीव प्रणालीत तीच आज्ञावली असल्याने ती काही सहस्रांश सेकंद आधीच त्याच कारणाने बंद पडली होती. बंद पडताना पाठविलेली निदानपर माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती म्हणून वाचली, नळकांडी कमाल कोनातून वळविली आणि अग्निबाण मार्ग सोडून मोडला. जे. एल. लायन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने जुलै १९९६ मधील अहवालात, संवेदकाने काम थांबविण्याऐवजी शक्य तितकी चांगली माहिती पाठवीत राहावे, अशी शिफारस केली. घटकाचा पुनर्वापर करताना त्याच्या उत्तरांबरोबरच त्याची गृहीतके व त्याच्या त्रुटींचा अर्थही तपासावा लागतो, हा या घटनेचा मुख्य बोध होय.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीच्या परिचालन प्रणालींतील सुरक्षित जोडणीच्या आज्ञावलीत एक दोष उघड झाला. साफसफाईच्या भागाकडे उडी घेण्याची आज्ञा नजरचुकीने दोनदा लिहिली गेली होती. दुसरी आज्ञा कोणत्याही अटीविना पाळली जात असल्याने सहीची तपासणी होतच नसे आणि त्रुटीचा अंक शून्यच राहिल्याने तपासणी यशस्वी झाल्याचे समजले जाई. शून्य म्हणजे यश या संकेतात काहीच न घडणे व यशस्वी होणे यांत भेद राहत नाही, ही स्थितिनिदर्शक पद्धतीची उणीव येथे प्रकट झाली.

त्रुटीनंतर तीच क्रिया पुन्हा करून पाहणे हाही नेहमीच सुरक्षित उपाय नसतो. माहिती तबकडीवर कायमची उतरविण्याची आज्ञा अयशस्वी झाल्यास लिनक्समध्ये ती त्रुटी एकदा कळविली जाते. त्यानंतर तीच आज्ञा पुन्हा दिल्यास, न उतरलेली माहिती हरवली असूनही, यशाचे उत्तर मिळू शकते, असे २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या विदागार प्रणालीच्या विकासकांच्या ध्यानात आले. फेब्रुवारी २०१९ मधील आवृत्त्यांपासून ही प्रणाली अशा वेळी पुन्हा प्रयत्न न करता थांबते व आपल्या नोंदवहीवरून स्थिती पुन्हा उभी करते.

टोराँटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये पाच वितरित प्रणालींतील १९८ अपयशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ४८ अपयशे सर्व किंवा बहुतेक वापरणाऱ्यांना बाधक ठरणारी, म्हणजे अतिगंभीर होती आणि त्यांपैकी ९२ टक्के अपयशांमागे, आज्ञावलीने स्पष्टपणे कळविलेल्या पण चुकीच्या रीतीने हाताळलेल्या साध्या त्रुटी होत्या. म्हणजेच त्रुटी ओळखली गेली होती. तिचे निवारण करणारा भाग मात्र रिकामा, अपुरा किंवा कधीही न तपासलेला होता.

मर्यादा : कोणताही पुनर्वापरक्षम घटक त्रुटीचे योग्य निवारण काय हे ठरवू शकत नाही. तो त्रुटी न हरवता पोहोचवितो, तिचे कारण जपतो व तिच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड करतो. प्रत्यक्ष निर्णय मात्र त्या आज्ञावलीचा उद्देश जाणणाऱ्यालाच घ्यावा लागतो. रस्टसारख्या भाषेतही लेखक त्रुटी जाणूनबुजून टाकून देऊ शकतो किंवा यश गृहीत धरून उत्तर काढून घेऊ शकतो. अशा वेळी त्रुटी आढळल्यास आज्ञावली थांबते. प्रत्येक थराने संदर्भ जोडल्यास संदेश लांबतो व न जोडल्यास तो निरर्थक होतो, यांत प्रमाण राखावे लागते. संदेशात गुप्तशब्द किंवा खाजगी माहिती जाणार नाही, याचीही दक्षता घ्यावी लागते. त्रुटीचे मार्ग क्वचितच वापरले जात असल्याने ते नेहमीच्या चाचण्यांत तपासले जात नाहीत. त्यामुळे मुद्दाम त्रुटी उत्पन्न करून त्या मार्गांची परीक्षा घेणे, हा त्रुटिव्यवस्थापनाचा अविभाज्य भाग मानला जातो.